सही झाल्यानंतरची विक्री

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘मी सात वर्षे सर्व्हर आणि स्टोरेज विकले. गेल्या वर्षी एका मोठ्या क्लाउड सेवादात्याच्या भागीदार कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर म्हणून रुजू झालो. भेटी भरपूर होतात, प्रपोजलही मागितले जाते. पण ते पाठवले की पलीकडून काहीच हालचाल होत नाही. फोन केला तर “विचार चालू आहे” एवढेच उत्तर मिळते. माझे सहकारी इंजिनिअर आहेत. त्यांच्यापुढे मी तांत्रिक बोलण्यात कमी पडतो, म्हणून दोन-तीन प्रमाणपत्रे करावीत का, असा विचार मनात येतो. मात्र खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या एका चांगल्या ग्राहकाकडून तीन वर्षांच्या खर्चाची हमी देणारा करार करून घ्यावा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. हमीची रक्कम ग्राहकाच्या आजच्या वापराच्या दीडपटीहून जास्त आहे. ग्राहकाचा माझ्यावर विश्वास आहे. मी सांगितले तर तो सही करील. तिमाही संपायला सहा आठवडे उरले आहेत. क्लाउडवर आलात की डेटाची काळजी मिटली, असे मी ग्राहकांना नेहमी सांगतो. आता माझीच काळजी वाढली आहे. काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देत आहे, कारण कराराचा प्रश्न नीट समजला की बाकीच्यांची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: या रकमेच्या करारावर सही घेऊ नये. मात्र करार करूच नये, असेही मी म्हणणार नाही.

सर्व्हर विकताना ऑर्डर आली, माल पोहोचला, बसवून झाला आणि पैसे मिळाले की विक्री पूर्ण होत असे. नंतर ते यंत्र निम्म्या क्षमतेवर पडून राहिले तरी तो ग्राहकाचा प्रश्न असे, आणि खरे सांगायचे तर त्याबद्दल कोणी विचारतही नसे. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणुकीची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही संगणनाची सेवा खुली केली, तेव्हा बदलला तो मुख्यतः हिशेब: आधी काही भरायचे नाही, जितके वापराल तितक्याचे बिल, आणि नको असेल तेव्हा बंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यातील पाच लक्षणांपैकी एक ‘मोजून दिलेली सेवा’ हे आहे. तुमच्या व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सहीच्या दिवशी तुमच्या कंपनीला जवळजवळ काहीच मिळत नाही. जे मिळायचे ते पुढे महिन्यामागून महिना, ग्राहकाने खरोखर वापर केला तरच मिळते. तुम्ही सात वर्षे जिला विक्री म्हणत आलात, ती इथे विक्रीची सुरुवात आहे.

खर्चाची हमी देणारा करार या हिशेबाला थोडेसे मागे नेतो. ग्राहक पुन्हा एकदा अंदाजाने, आगाऊ, क्षमता विकत घेतो आणि त्या बदल्यात सवलत मिळवतो. ज्याचा वापर स्थिर आहे, त्याच्यासाठी हा उत्तम व्यवहार आहे. धोका असतो तो हमीच्या आकड्यात, आणि तो आकडा डोळ्यांपुढे मांडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो मांडू.

समजा, तुमच्या ग्राहकाचे आजचे मासिक बिल १०० आहे, म्हणजे वर्षाचे १२००. वरिष्ठांना हवी असलेली हमी वर्षाला २००० ची आहे आणि तिच्यावर १० टक्के सवलत आहे. ग्राहकाचा वापर पहिल्या वर्षी चांगला वाढला आणि मूळ दराने १५०० पर्यंत गेला, असेही धरू. वर्षात २५ टक्के वाढ ही काही कमी नव्हे. सवलत धरून त्याचा खर्च १३५० होईल. हमी २००० ची असल्याने उरलेले ६५० त्याला वर्षअखेरीस काहीही न वापरता भरावे लागतील. करार केला नसता तर त्याने १५०० दिले असते. करार केल्यामुळे तो २००० देईल. १५० ची सवलत मिळवण्यासाठी ५०० चा तोटा. हे गणित आज तुमच्या ग्राहकाच्या लक्षात आले नसेल, पण बारा महिन्यांनी त्याच्या वित्त विभागाच्या लक्षात नक्की येईल, आणि त्या दिवशी बैठकीत तुमचे नाव निघेल.

आता दुसरी मांडणी पाहा. हमी पहिल्या वर्षी १२००, दुसऱ्या वर्षी १४००, तिसऱ्या वर्षी १६०० अशी चढती ठेवली आणि रक्कम लहान असल्याने सवलत १० ऐवजी ७ टक्केच मिळाली, तरी १५०० च्या वापरावर ग्राहक १३९५ देईल, म्हणजे त्याचे १०५ वाचतील आणि हमीही सहज पूर्ण होईल. अशी चढती हमी मागणे ही या धंद्यात नेहमीची गोष्ट आहे. मोठे सेवादाते तिच्यावर बोलायला तयार असतात. तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी मागून पाहाव्यात. एका वर्षातील तूट पुढच्या वर्षात वळती करता येईल का, हे विचारावे. आणि सेवादात्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे त्याच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेली इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर हमीच्या रकमेत किती मर्यादेपर्यंत मोजली जातील, हे लेखी घ्यावे. ग्राहक सुरक्षेचे किंवा देखरेखीचे एखादे सॉफ्टवेअर तसेही विकत घेणारच असेल, तर तोच खर्च हमीत बसू शकतो.

एकूण खर्चाची हमी आणि एखाद्या विशिष्ट वापराची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेक विक्रेते बोलताना त्यांची सरमिसळ करतात. रिझर्व्हड इन्स्टन्स किंवा सेव्हिंग्ज प्लॅनसारख्या योजनांत ग्राहक एक किंवा तीन वर्षांसाठी ठरावीक संगणन वापरण्याचे बंधन स्वीकारतो आणि त्यावर मिळणारी सवलत सहसा एकूण खर्चाच्या हमीवरील सवलतीपेक्षा बरीच मोठी असते. तुमच्या ग्राहकाची रात्रंदिवस चालणारी यंत्रे कोणती, हे मागच्या तीन महिन्यांच्या बिलावरून सहज कळेल. त्यांच्यापुरतीच एक वर्षाची हमी घेतली, तरी त्याचे बिल कदाचित मोठ्या कराराने झाले असते त्याहून अधिक कमी होईल. हा पर्याय तुम्ही स्वतःहून त्याच्यासमोर ठेवा.

वरिष्ठांशी बोलताना त्यांना खलनायक ठरवून जाऊ नका. त्यांच्यावर तिमाहीचे टार्गेट आहे, त्यांच्या वरच्यांना सेवादात्याच्या भागीदार-कार्यक्रमातील श्रेणी टिकवायची आहे, आणि करारावरचा मोठा आकडा या दोन्ही गोष्टींना उपयोगी पडतो. म्हणून ‘हे चुकीचे आहे’ असे म्हणण्याऐवजी वरची दोन्ही गणिते कागदावर घेऊन जा आणि तिसरा मुद्दा त्यांच्यासमोर ठेवा: तूट भरावी लागलेला ग्राहक नूतनीकरणाच्या वेळी काय करतो. तो दुसऱ्या भागीदाराकडे जातो. एकाच सेवादात्याची सेवा अनेक भागीदार विकत असताना खाते एका भागीदाराकडून दुसऱ्याकडे वळवायला डेटा हलवावा लागत नाही, बहुतेक काम कागदोपत्री होते. (‘आमची तिमाही संपते आहे’ हे कारण ग्राहकालाच सांगून सही मागणारे विक्रेते अजूनही भेटतात. विक्रेत्याची तिमाही ग्राहकाने का सांभाळावी, हे मला आजवर उमगलेले नाही.) इतके करूनही वरिष्ठ अडून राहिले, तर ग्राहकासमोर दोन्ही पर्याय आकड्यांसह ठेवा, वापर किती वाढला तर हमी पूर्ण होईल तो आकडा ई-मेलमध्ये स्पष्ट लिहा, आणि निर्णय त्याच्यावर सोडा. ग्राहकाने सगळे पाहून मोठी रक्कम निवडली, तर ती त्याची निवड असेल. एखादा नवा प्रकल्प येऊ घातल्याचे त्याला ठाऊक असेल आणि तुम्हाला नसेल, हेही शक्य आहे.

आता प्रपोजलनंतरच्या शांततेविषयी.

तुमच्या पत्रातून तुमची प्रपोजले कशी असतील याचा मला थोडा अंदाज येतो, कारण हार्डवेअरमधून आलेले बहुतेक विक्रेते ती तशीच लिहितात. ग्राहक सर्व्हरची यादी देतो: ४० सर्व्हर, इतके कोअर, इतकी मेमरी, इतकी डिस्क. विक्रेता प्रत्येक सर्व्हरसमोर तेवढ्याच आकाराचे आभासी यंत्र, म्हणजे क्लाउडवर भाड्याने मिळणारा सर्व्हर, लिहितो, महिन्याचे सगळे तास गुणतो, बेरीज करतो आणि पाठवतो. बेरीज भयंकर येते. ग्राहक ती नव्या सर्व्हरच्या किमतीशी ताडून पाहतो, त्याला क्लाउड महाग वाटते, आणि तोंडावर नाही म्हणणे अवघड म्हणून तो ‘विचार चालू आहे’ म्हणतो.

ही यादी खोटी नसते, पण दिशाभूल करणारी असते. प्रत्यक्ष सर्व्हर घेताना ग्राहकाने सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आणि पुढच्या चार-पाच वर्षांच्या वाढीचा विचार करून घेतलेला असतो; त्यामुळे १६ कोअरचे यंत्र एरवी १०-१५ टक्केच वापरात असल्याचे दृश्य सर्रास दिसते. तेवढेच मोठे यंत्र क्लाउडवर घेतले, तर न वापरलेल्या क्षमतेचे भाडे दर तासाला लागते. म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी दोन ते चार आठवडे प्रत्यक्ष वापराची नोंद घेणारे साधन ग्राहकाकडे बसवा. मोठ्या सेवादात्यांकडे अशी साधने असतात आणि अनेकदा त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. मग यंत्रागणिक प्रश्न विचारा. विकास आणि चाचणीसाठीची यंत्रे कामाच्या वेळेतच लागत असतील, तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी ती ५० तासच चालू ठेवायची आहेत, म्हणजे त्यांच्या संगणनाचा खर्च जवळपास ३० टक्क्यांवर येतो. मात्र यंत्र बंद केले की संगणनाचे पैसे थांबतात, डिस्कचे थांबत नाहीत, हेही त्याच ओळीत लिहा. काही यंत्रे कोणीच वापरत नसल्याचे आढळेल. ती बंद करायला सांगा. काही कामे तयार सॉफ्टवेअर-सेवेवर हलवता येतील. आणि काही यंत्रे आहेत तिथेच राहू द्यावीत, असेही प्रपोजलमध्ये लिहायला कचरू नका.

कारण क्लाउड नेहमीच स्वस्त पडते, हे खरे नाही. फायली साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपल्या डेटाचा बराच मोठा भाग ॲमेझॉनच्या सेवेतून स्वतःच्या यंत्रणेवर नेला आणि २०१६ व २०१७ या दोन वर्षांत त्यामुळे सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे कंपनीने २०१८ मध्ये भांडवल बाजारात उतरताना जाहीर केले. इतका प्रचंड आणि स्थिर वापर फार थोड्यांचा असतो, हे खरे. पण हे उदाहरण ग्राहकाच्या तांत्रिक प्रमुखाला माहीत असते, आणि तुम्ही ‘क्लाउड म्हणजे बचत’ एवढेच म्हणत राहिलात तर तो तुमचे बाकीचे बोलणेही सावधपणे ऐकू लागतो. ज्यांचा वापर चढउताराचा आहे, ज्यांना नवे काहीतरी लवकर सुरू करून पाहायचे आहे, ज्यांच्याकडे यंत्रे सांभाळणारी माणसे नाहीत, त्यांना क्लाउडचा फायदा स्पष्ट दिसतो. बाकीच्यांसाठी हिशेब मांडून पाहावा लागतो.

शांततेचे दुसरे कारण असे की तुमच्या प्रपोजलला तारीख नसते. तुमचा खरा स्पर्धक दुसरा सेवादाता क्वचितच असतो. ‘आहे ते चालू द्या’ हाच तुमचा सर्वांत मोठा स्पर्धक असतो, आणि त्याला हरवायला ग्राहकाच्या बाजूची एखादी ठरलेली तारीख लागते. इथे तुमची हार्डवेअरमधली सात वर्षे कामी येतात, आणि तुमचे इंजिनिअर सहकारी इथे तुमच्या मागे आहेत. सर्व्हरची वॉरंटी कधी संपते आणि ती वाढवायला किती पैसे पडतात, डेटा सेंटरच्या जागेचा भाडेकरार कधी संपतो, कोणत्या सॉफ्टवेअरचा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या आणि सुरक्षा-सुधारणा) कधी थांबतो, हे प्रश्न तुम्हाला झोपेतही सुचतील. विंडोज सर्व्हर २०१२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तरी त्यावर चालणारी यंत्रे अजूनही सापडतात. एसक्यूएल सर्व्हर २०१६ साठी १४ जुलै २०२६ आणि विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ या तारखा मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सगळे वर्गणीवर आणले; ज्यांच्याकडे व्हीएमवेअर आहे, त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख ही आज अनेक ग्राहकांशी बोलणे सुरू करण्याची सर्वांत चांगली संधी आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर अशी एक तरी तारीख लिहा. ज्याच्यासमोर लिहिता येत नाही, त्याला प्रपोजल पाठवण्याची घाई करू नका; त्याच्याशी ओळख ठेवा, एवढे पुरे.

तिसरे कारण माणसांचे. तुम्ही बहुधा आयटी मॅनेजरला भेटता, कारण हार्डवेअर तोच घेत असे. क्लाउडच्या बाबतीत वित्त प्रमुखाला एकदाच होणाऱ्या भांडवली खर्चाऐवजी दर महिन्याला बदलणारे बिल स्वीकारावे लागते, कायदेशीर विभागाला डेटा कोणत्या देशात राहील हे हवे असते, आणि खुद्द आयटी मॅनेजरला आपले काम कमी होईल अशी भीती असते, जी तो बोलून दाखवत नाही. या भीतीवर उपाय म्हणजे स्थलांतरानंतर त्याच्या माणसांकडे कोणती कामे येतील, ते प्रपोजलमध्ये लिहिणे. भेट संपताना आणखी एक प्रश्न न चुकता विचारा: ‘हे तुम्हाला पटले, असे समजू, तर इथून ऑर्डर निघेपर्यंत कागद कोणाकोणाच्या टेबलावरून जाईल?’ उत्तरात दोन-तीन नावे आणि एखादी समिती आली, तर तुमचे काम खरोखर पुढे सरकले आहे. ‘ते मी बघतो’ असे उत्तर आले, तर समोरच्यालाही तो रस्ता माहीत नाही. हेच सगळे विक्रीच्या प्रशिक्षणात मेडिक नावाच्या आद्याक्षरांत शिकवतात. १९९० च्या दशकात पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीत ती पद्धत तयार झाली. आद्याक्षरे पाठ नसली तरी चालते, प्रश्न मात्र विचारले पाहिजेत.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला खटकले, आणि ते तुम्ही आजपासून बंद करावे असा माझा आग्रह आहे: ‘क्लाउडवर आलात की डेटाची काळजी मिटली.’ सगळे मोठे सेवादाते सुरक्षेची जबाबदारी वाटून घेतात. इमारत, यंत्रे आणि मूळ सेवा त्यांच्याकडे, तर त्या सेवेवर ठेवलेला डेटा, प्रवेशाचे अधिकार आणि मांडणी (कॉन्फिगरेशन) ग्राहकाकडे. २०१९ मध्ये कॅपिटल वन या बँकेच्या अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती उघड झाली. बँक ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती, पण हल्लेखोराला वाट मिळाली ती चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या फायरवॉलमधून. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच-क्लाउडच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, आणि ज्यांनी बॅकअप घेतलेलाच नव्हता किंवा त्याच आवारात ठेवला होता, अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील खासगी यंत्रणा सेवादात्याच्याच बाजूने झालेल्या मांडणीतील चुकीमुळे पुसली गेली. ती दोन ठिकाणी ठेवलेली होती, आणि दोन्ही ठिकाणची पुसली गेली. दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेले बॅकअप होते, म्हणून परत उभे राहायला मदत झाली.

या घटना ग्राहकाला घाबरवण्यासाठी सांगू नका. बॅकअपची ओळ प्रपोजलमध्ये का आहे आणि ती दुसऱ्या रीजनमध्ये (सेवादात्याच्या दुसऱ्या भौगोलिक ठिकाणी) का आहे, हे पटवण्यासाठी सांगा. किंमत खाली आणायची झाली की पहिली कात्री त्याच ओळीवर चालते. ग्राहकाने ती काढायला सांगितली, तर काढल्याचे आणि त्याचा परिणाम काय होईल याचे दोन ओळींचे पत्र त्याला पाठवा. सेवा उपलब्धतेच्या हमीबाबतही असेच. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे, आणि ९९.९९ टक्के म्हणजे चार मिनिटांहून थोडे जास्त बंद राहण्याची मुभा. त्याहून जास्त वेळ सेवा बंद पडली, तर मिळते ते पुढच्या बिलातील क्रेडिट, आणि तेही बहुतेक ठिकाणी ग्राहकाने स्वतः मागितल्यावर. त्याच्या धंद्याच्या झालेल्या नुकसानीची भरपाई त्यात नसते. हे तुमच्या तोंडून आधी ऐकलेला ग्राहक पुढे तुमच्याशी भांडत नाही.

‘उद्या बाहेर पडायचे झाले तर?’ हा प्रश्नही येईल. डेटा बाहेर काढण्याचे शुल्क हा अनेक वर्षे ग्राहकांच्या रागाचा विषय होता. २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी ते काही अटींवर माफ केले. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, त्याखाली सेवादाता बदलण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून आकारता येणार नाही. रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या डेटाचे शुल्क मात्र कायम आहे, आणि तिसऱ्या महिन्याच्या बिलात ग्राहकाला धक्का बसतो तो बहुधा त्याचाच. ते अंदाजपत्रकात धरा. सपोर्टचे शुल्कही धरा, तेही हटकून राहून जाते.

प्रमाणपत्रांबद्दल फार लिहायला नको. तुमची कंपनी ज्या सेवादात्याची भागीदार आहे, त्याचे पायाभूत पातळीचे एक प्रमाणपत्र करा. ॲमेझॉनचे क्लाउड प्रॅक्टिशनर, मायक्रोसॉफ्टचे एझेड-९००, गूगलचे क्लाउड डिजिटल लीडर, यांपैकी जे लागू असेल ते. नोकरी सांभाळून ते होते. त्यापुढची तांत्रिक प्रमाणपत्रे सोल्यूशन आर्किटेक्टसाठी, म्हणजे ग्राहकाच्या यंत्रणेची तांत्रिक रचना करणाऱ्यांसाठी, आहेत. त्यांच्या मागे लागून तुम्ही मध्यम दर्जाचे आर्किटेक्ट व्हाल आणि चांगले विक्रेते राहणार नाही. त्याऐवजी बिल वाचायला शिका. स्वतःचे एक खाते उघडा, एक लहान यंत्र चालवा, त्याला डिस्क जोडा, काही डेटा बाहेर पाठवा, आणि महिन्याअखेरीस बिलातली प्रत्येक ओळ कुठून आली ते शोधा. खर्चाचा इशारा आधी लावून ठेवा, आणि तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही, हेही तेव्हाच अनुभवा. क्लाउडचा खर्च सांभाळण्याच्या कामाला आता फिनऑप्स म्हणतात. त्यासाठीची संस्था, फिनऑप्स फाउंडेशन, २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिचेही पायाभूत प्रमाणपत्र आहे. दुसरे प्रमाणपत्र करायचेच असेल तर मी हे सुचवीन, कारण वित्त प्रमुखासमोर बसून बिल समजावून सांगू शकणारा विक्रेता इंजिनिअरांच्या गर्दीतही वेगळा दिसतो. तांत्रिक प्रश्न अडला तर ‘याचे उत्तर आमच्या आर्किटेक्टकडून दोन दिवसांत देतो’ असे म्हणा आणि खरोखर दोन दिवसांत द्या.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमचा इन्सेंटिव्ह नेमका कशावर मोजला जातो, हे पत्रात नाही, आणि वरिष्ठांच्या आग्रहामागचे कारण बहुधा तिथेच आहे. कराराच्या एकूण रकमेवर तो मिळत असेल, तर पुढच्या प्रत्येक तिमाहीत हाच प्रसंग नव्या ग्राहकाच्या नावाने येणार. ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापरावर मिळत असेल, तर चढत्या हमीचा प्रस्ताव तुमच्याही फायद्याचा आहे आणि वरिष्ठांना तो पटवणे सोपे जाईल. काही कंपन्यांत ग्राहकाने पहिल्या वर्षी ठरलेला वापर केला नाही, तर दिलेला इन्सेंटिव्ह परतही घेतला जातो. ती अट नियमावलीच्या शेवटच्या पानांवर असते. मनुष्यबळ विभागाकडून या वर्षीची नियमावली लेखी मागवून घ्या, तुमची आणि वरिष्ठांची गणना वेगवेगळी होते का ते पाहा, आणि दोन्ही गणिते घेऊन वरिष्ठांकडे त्यानंतरच जा. सहा आठवडे त्यासाठी पुरेसे आहेत.